मातीच्या तोंडाची वच्छला

ही गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी मी एकाहत्तर वर्षांची होते आणि माझी नात पायल चोवीसची. साल आधीच सांगून ठेवते, कारण आज जे लोक मातीच्या बाहुल्यांवर मान हलवत भाषणं करतात, तेच त्या वर्षी बाहुल्या पाहून हसले होते. उद्या त्यांनी नाही म्हटलं तर माझ्याजवळ तारखेसकट आठवण आहे.

पायल इंजिनिअर झाली आणि अमरावतीच्या घरात बसून मोबाईलचा खेळ बनवू लागली. खेळ खेळणं आणि खेळ बनवणं यातला फरक तिच्या बापाला, म्हणजे माझ्या कुलदीपला, शेवटपर्यंत कळला नाही. पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं. ते त्याने कपाटात माझ्या शालींखाली जपून ठेवलं होतं.

"दिवाळीपर्यंत काय खेळायचं ते खेळून घे," तो म्हणाला. "मंग पुण्याले जायचं. माह्या मित्राची पोरगी अमेरिकेत गेली अन् तू बाहुल्या काढून राहिली."

दिवाळीच्या आत तिच्यासाठी एकच वाट होती. अकोल्याची एक संस्था असे खेळ बनवणाऱ्या पोरांची स्पर्धा घेत होती. निवड झाली की दोन वर्षं पगार, बसायला जागा आणि खेळ पुरा करून देण्याची हमी. पायलला ते हवं होतं. पुण्यात दुसऱ्याच्या खेळातली झाडं रंगवत बसायचं नव्हतं.

तिचा खेळ भुलाबाईचा होता. आमच्या वऱ्हाडात भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी मातीची भुलाबाई मांडतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि गाणी संपली की घरची बाई बंद डब्यात खाऊ आणते. डबा उघडायचा नाही. तो कानाशी धरून हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. खडखड वाजलं तर फुटाणे, धप वाजलं तर लाडू. कुणालाच ओळखता आलं नाही तर सगळ्यांनी "हरलो" म्हणायचं, मग झाकण निघतं.

पायलच्या खेळात एक सासुरवाशीण होती. दर वर्षी भुलाबाईत तिचा भाऊ माहेरचा डबा घेऊन दारात येतो आणि तिला न्यायचं म्हणतो. तो ओसरीवर बसलेला असेपर्यंत आपण बोटाने तिच्याकडून कामं उरकून घ्यायची. पाणी भर, जातं ओढ, कापूस वेच. एक काम संपलं की सासू दुसरं सांगते. पहिल्या वर्षी कामं संपतात आणि ती जाते. दुसऱ्या वर्षी संपत नाहीत. तिसऱ्या वर्षी भाऊ एकटाच परत येतो आणि आपण माहेरच्या अंगणात बसून त्याने आणलेला डबा हलवत असतो. करंजी? नाही. चिवडा? नाही. मनाला येईल तितका वेळ ओळखत बसा, बरोबर उत्तर नाहीच. "हरलो" म्हटलं की झाकण निघतं. डबा रिकामा. तिथे खेळ संपतो.

खेळातली सगळी माणसं भुलाबाईच्या बाहुल्यांसारखी होती. गोल डोकं, काजळाचे दोन टिपके म्हणजे डोळे, कुंकवाची वाकडी रेघ म्हणजे तोंड. चालताना डुगडुगायची. सासूसुद्धा डुगडुगायची.

ही गोष्ट पायलने माझ्याकडूनच घेतली होती. सासुरवाशीण म्हणजे माझी मोठी बहीण, वच्छला. आमचं माहेर नांदगाव खंडेश्वरजवळ. वच्छला तिवस्याकडे दिली १९६४ साली. पहिल्या वर्षी ती भुलाबाईला आली. दुसऱ्या वर्षी पाठवली नाही. तिसऱ्या वर्षी माझा भाऊ रामराव बैलांची दमणी जुंपून तीनदा गेला आणि तीनदा एकटा आला. एकदा कापूस वेचायचा होता, एकदा सासूला ताप होता, एकदा गाय विणार होती. तिसऱ्या खेपेला वच्छलाने आईचा डबा घासूनपुसून परत दिला. कोजागिरीनंतर बारा दिवसांनी निरोप आला की विहिरीवर पाय घसरला. पाय घसरला, असंच आम्ही म्हणत आलो. मी पायललाही तसंच सांगितलं होतं.

पायलचा जोडीदार धम्मदीप, तिच्याच कॉलेजातला. चित्रं तिची, आणि ती चालवायची, वाजवायची करामत त्याची. पोरगा कमी बोलायचा आणि दोन खोल्या ओलांडून ऐकू जाईल असा चहा प्यायचा.

"आजी, आमच्या घरी भुलाबाई नव्हती," त्याने एकदा मला विचारलं, "तो डबा रिकामा काहून आला, ते तुमाले तवा समजलं नाई?"

"त्यायले रीतच नव्हती," मी म्हणाले. माझी आई तेच म्हणाली होती. डबा परत करताना रिकामा करायचा नाही, निदान साखरेची चिमूट घालायची, हे वऱ्हाडात पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. आईने डबा कानाशी धरला, हलवला, "कसे लोक हायेत" म्हणाली आणि फळीवर ठेवून दिला.

धम्मदीप माझ्याकडे पाहत राहिला.

सप्टेंबरच्या शेवटी दोघं अकोल्याला पहिल्या फेरीला गेली आणि तोंडं पाडून परत आली. परीक्षकांमध्ये पियुष सर म्हणून एक मुख्य होते. वय तिशीचं. बंगलोरला पाच वर्षं काढून आले होते आणि त्या पाच वर्षांचं ओझं प्रत्येक वाक्यात वाहत होते. त्यांनी खेळ पाहिला आणि हसून म्हणाले, "हाऊ क्यूट! पण हे लहान मुलांचं वाटतं. विषय सिरियस आहे ना? मग सिरियस दिसायला पाहिजे. खरे चेहरे घ्या, अंधार टाका, पाऊस टाका. आणि शेवटी एक बग आहे. डबा उघडतो, पण आत काही लोडच होत नाही."

"मंग तू काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हटलं, सर, तो रिकामाच हाये. तं म्हणते, मग प्लेअरला समाधान कसं मिळणार? आत एक चिठ्ठी टाका म्हणे. इमोशनल."

तरी फायनलच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि फायनलला तीन आठवडे होते. इथे मी त्या माणसावर तोंडसुख घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. खरं सांगायचं तर मला मनातून बरं वाटलं. माझ्या मेलेल्या बहिणीची डुगडुगणारी बाहुली केली, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. बोलले नव्हते इतकंच.

"बरोबर बोलला तो मास्तर," मी म्हणाले. "मरणाची गोठ हाये. बाहुल्या पाहून लोक हसतीन."

"हसू दे न आजी. आधी हसले पायजेत. मंगच त्यायचा हात डब्यावर जाते."

"मले नको शिकवू," मी म्हणाले. उठले, पेटी उघडली आणि वच्छलाचा फोटो तिच्या हातावर ठेवला. लग्नातला, एकुलता एक. अमरावतीहून फोटोवाला आणला होता. त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, हलू नका, हसू नका. वच्छला त्यात अशी उभी आहे की जणू कुणी तिच्या पाठीला फळी बांधली आहे.

पायलने फोटो पाहिला, कपाटाकडे पाहिलं, जिथे ते पुण्याचं पत्र होतं, आणि म्हणाली, "ठीक हाये."

गंभीर दिसण्याचं लोकांना भारी कौतुक. आमच्या गावात खुशालराव म्हणून एक गृहस्थ होते, ते कधी हसत नसत. त्यामुळे गाव त्यांना विद्वान समजे. भांडण त्यांच्यापुढे, सोयरीक त्यांच्यापुढे, शाळेला खोली बांधायची तरी त्यांच्यापुढे. पुढे म्हातारपणी त्यांच्या बायकोनेच सांगितलं की त्यांचे पुढचे दात किडके होते, म्हणून हसत नव्हते. तोवर अर्ध्या गावाच्या सोयरिकी त्यांनी बिघडवल्या होत्या. वच्छलाचीही त्यांनीच जुळवली होती. "घर चांगलं हाये," असं ते म्हणाले, आणि इतक्या गंभीर तोंडाचा माणूस म्हणतो म्हणजे असेलच, असं माझ्या बापाला वाटलं.

तीन आठवड्यांत पोरांनी सगळं बदललं. फोटोवरून कॉम्प्युटरने एक बाई तयार केली. गोरी, उंच, डोळ्यांत कायम पाणी. आमच्या वच्छलाचा रंग काळ्या मातीसारखा होता, पण अंधारात गोरी बाई उठून दिसते म्हणे. अंगण गेलं, पाऊस आला. आश्विनात, कापसाच्या वेचणीत, धो धो पाऊस! सासू सिनेमातल्या चेटकिणीसारखी झाली. डबा हलवून ओळखायचा भाग काढला, कारण सरांच्या मते त्याने वातावरण मोडत होतं. आता डबा आपोआप उघडायचा, आत चिठ्ठी असायची आणि एक बाई रडक्या आवाजात ती वाचायची.

मला दाखवलं. मी म्हटलं, "चांगलं झालं." काय चांगलं झालं होतं कोण जाणे. वच्छलाला सही सोडाच, अंगठासुद्धा सरळ उमटवता येत नव्हता. तरी चिठ्ठीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

कोजागिरीला आठवडा होता तेव्हा फायनल. मी हट्टाने सोबत गेले. सकाळच्या बसने बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला पोचलो. संस्थेचा हॉल गार होता, भिंती करड्या रंगाच्या आणि खुर्च्याही करड्याच. दारात पियुष सर भेटले. मला पाहून त्यांनी आवाज मोठा आणि शब्द सुटे केले, म्हाताऱ्या माणसांशी करतात तसे.

"आजी, तु-म्हा-ला मो-बा-ईल ये-तो का?"

"येतो," मी म्हणाले. "तुम्हाला भुलाबाई येते का?"

ते हसले. लगेच दुसऱ्या पोरांकडे वळले.

पायलचा खेळ मोठ्या पडद्यावर लावला. तिघं परीक्षक होते. पाऊस सुरू झाला त्याबरोबर तिघांनी एकदम चेहरे लांब केले, मयताला गेल्यावर करतात तसे. कामं उरकायची तर परीक्षकांतल्या एका बाईंनी चार-दोनदा बोट दाबलं आणि राहू दिलं. चिठ्ठी वाचली जात असताना त्यांनी पर्समधून रुमाल काढला, डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या हाताने फोनवरचा निरोप पाहिला. हे मी माझ्या चष्म्यातून स्वच्छ पाहिलं.

"आता वजन आलं," पियुष सर म्हणाले. "पहिल्यांदा आलात तेव्हा खेळणं होतं. आता हे स्टेटमेंट आहे."

माझ्याने राहवलं नाही. उभी राहिले.

"सर, एक विचारू? ती बाई डबा परत का पाठवते?"

"कोणता डबा?"

"ज्यात चिठ्ठी होती तो."

"अच्छा, तो! तो प्रॉप आहे आजी. म्हणजे चिठ्ठी ठेवायला काहीतरी लागतं ना. आपण उद्या पेटीही घेऊ शकतो."

पायल खाली मान घालून बसली होती. तिचे कान लाल झाले होते. धम्मदीप उठून बाहेर गेला.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात बसलो. तिथे सीमा नावाची बाई चहा देत होती. मूर्तिजापूरकडची, चाळिशीची, तोंडाने फटकळ. धम्मदीपने आपल्या मोबाईलवर जुना, बाहुल्यांचा खेळ काढला आणि मुकाट तिच्यापुढे धरला.

"हे काय जी? अवं माय, भुलाबाई!" सीमा केवढ्याने तरी हसली. "पाय तं कशी डुगडुगते बुढी! माह्या सासूसारखीच हाये."

किटली खाली ठेवून ती खेळायला लागली. पाणी भरलं, जातं ओढलं. सासूने नवं काम सांगितलं की तिला शिव्या घालायची आणि काम करायची. "थांब नं भाऊ, आलीच मी, जाऊ नको," असं त्या ओसरीवरच्या बाहुलीला सांगत होती. चहासाठी थांबलेले चार लोक मागे गोळा झाले. पियुष सरही कागदी कप घेऊन आले, बाहुल्या पाहून हसले आणि गेले नाहीत.

तिसरं वर्ष आलं. भाऊ एकटा परतला. सीमाने मोबाईल कानाशी धरला आणि हलवला. पुन्हा हलवला.

"वाजत नाई," ती म्हणाली. "लाडू हाये काय? नाई. शिरा असन. नाई? मंग काय हाये वं पोरी?"

"ओळखा," पायल म्हणाली.

तिने दहा-बारा नावं घेतली. मग आवाज उतरला. "हरलो बाप्पा," ती म्हणाली आणि झाकण निघालं.

ती बराच वेळ त्या रिकाम्या डब्याकडे पाहत होती. नंतर तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिथे जुन्या काळातली बाई मी एकटीच होते म्हणून असेल.

"रिकामा डबा कोनी धाडते काय जी, आजी? बाई मानूस धाडन काय कधी? ते पोरगी सांगून राहिली होती का माह्यापाशी आता काहीच उरलं नाई, मले न्या." तिने पदराने नाक पुसलं. "अन् हे मायबाप बसले घरी! जाऊन आनाची नाई काय पोरीले? कसे लोक हायेत!"

आई जे वच्छलाच्या सासरबद्दल म्हणाली, तेच शब्द सत्तावन्न वर्षांनी आमच्या पदरात पडले. मला ते कधी कळलंच नव्हतं असं म्हणणार नाही. कळलं होतं. रीत नव्हती म्हणणं सोपं होतं, म्हणून तेच म्हणत आलो.

आणि तेव्हा मी त्या बाहुलीचं तोंड पाहिलं. कुंकवाची वाकडी रेघ, डावीकडे वर गेलेली. ती पायलने काढली होती माझ्या भुलाबाईवरून. मी ती तशी करते, कारण मला भुलाबाई करायला वच्छलाने शिकवलं. तिचा हात वाकडा चालायचा, आणि ती हसायची तेही तसंच, डावीकडून. पेटीतल्या फोटोत माझी बहीण नव्हतीच. फोटोवाल्याने तिला हसू दिलं नव्हतं, आणि मी तोच फोटो काढून दिला होता, वरून शहाणपण शिकवत.

"पोरी, चुकलं माझं," मी म्हणाले.

पायल म्हणाली, "चहा पी आजी. थंडा होऊन राहिला."

पाच वाजता निकाल लागला. पायलचा खेळ पहिला आला. पियुष सरांनी माईकवरून सांगितलं की वास्तववादी मांडणी आणि चिठ्ठीचा प्रसंग यांमुळे निवड झाली आहे, आणि पुढेही याच रूपात खेळ पुरा करायचा आहे. टाळ्या झाल्या. पायल स्टेजवर गेली.

"सर, बाहुल्या ठेवल्या तं चालन काय? अन् डबा रिकामा?"

"पायल, आपलं बोलणं झालंय ना? मघाशी बाहेर मीही पाहिलं. मजा येते, मान्य आहे. पण चहावाल्या बाईला आवडणं वेगळं. बाहुल्या ठेवल्या तर याला कोणी सिरियसली घेणार नाही."

"तिने घेतलं न सर."

"तुला कळतंय ना तू काय नाकारतेस?"

तिला चांगलं कळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. हो-नाही काही सांगायचा अधिकार मी तीन आठवड्यांपूर्वी फोटोबरोबर देऊन टाकला होता, म्हणून मी गप्प बसले.

"मंग नको सर," पायल म्हणाली आणि पायऱ्या उतरली. तिच्या खालोखाल आलेल्या पोरांना ती जागा मिळाली. त्यांच्या खेळात अंधार भरपूर होता.

परतीच्या बसमध्ये कुलदीपचा फोन आला. मोबाईल तिच्या कानाशी होता, तरी मूर्तिजापूरपर्यंत मला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. शेवटी मी फोन घेतला आणि म्हटलं, "कुल्या, तुह्या मोठ्या मावशीचा पाय घसरला नव्हता. घरी आल्यावर सांगीन. आता ठेव." त्याने ठेवला.

दिवाळी झाली आणि पायल पुण्याला गेली. तिथे ती दुसऱ्यांच्या खेळातली झाडं रंगवते, आणि तिचे साहेब म्हणतात की झाडं अगदी खरी वाटतात. बाहुल्यांचा खेळ तिने आणि धम्मदीपने जाण्याआधीच पुरा केला आणि कुणीही घ्यावा असा इंटरनेटवर फुकट टाकला. दर भुलाबाईत तो पुष्कळ बायका खेळतात, असं धम्मदीप सांगतो. तो परतवाड्याला सरकारी नोकरीत लागला आहे आणि अजून तसाच चहा पितो. सीमा त्या संस्थेत नाही. तिने मूर्तिजापूरच्या बसस्टँडजवळ स्वतःची टपरी टाकली, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायांना खेळ दाखवून हरवते. कुलदीप तो खेळ एकदाच खेळला, आंघोळीच्या आधी, आणि त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेला. रामराव तीन वर्षांपूर्वीच वारला होता, त्याला हे पाहायला मिळालं नाही आणि तेच बरं झालं. तीनदा दमणी त्यानेच रिकामी आणली होती. अंधारवाल्या पोरांचा खेळ कुठे गेला ते मला ठाऊक नाही. पियुष सर आता मातीतल्या कलेवर व्याख्यानं देतात. त्यांच्या पडद्यावर पहिलंच चित्र एका डुगडुगत्या बाहुलीचं असतं म्हणे, आणि ती दाखवताना त्यांचा चेहरा फार गंभीर असतो.

मी पायलसाठी महिन्यातून एकदा ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे डबा देते. तो परत येतो तेव्हा पायलची आई झाकण काढायला धावते, पण मी आधी तिच्या हातून घेते, कानाशी धरते आणि हलवते. वाजला की मग देते.